शेवटचे शंभर मीटर

लिफ्ट दुरुस्त करणं हे त्याचं काम आणि धावणं हे चाळिशीत लागलेलं वेड. ते लागलं धाकटीमुळे.

ती तेव्हा सहा वर्षांची होती. दुकानाच्या रांगेत कुणाच्या तरी हातून बरणी फुटली आणि ती फरशीवर आडवी होऊन किंचाळायला लागली. तो तिच्याशेजारी खाली बसला आणि तिच्या पाठीवर तळव्याने जड दाब देत राहिला. तेवढ्यानेच ती शांत व्हायची. मागे उभा असलेला एक गृहस्थ म्हणाला, "पोरांना डोक्यावर बसवलं की असंच होतं." घरी येईपर्यंत त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. लोकांना स्वमग्नता कशाशी खातात हेच माहीत नाही, आणि दरवेळी रांगेत उभं राहून भाषण थोडंच देता येतं? त्याने एक टी-शर्ट छापून घेतला. पाठीवर लिहिलं होतं, 'माझी मुलगी स्वमग्न आहे. वाईट वाटून घेऊ नका, विचारा.' तो अंगात घालून तो पहिली शर्यत धावला.

लोकांनी खरंच विचारलं. कुणी धावता धावता, कुणी पाणी देताना. एका बाईने तर शर्यत सोडून स्वतःच्या भाच्याबद्दल रडून घेतलं. त्याला वाटलं, सापडला रस्ता. मग अर्धी मॅरेथॉन झाली, मग पूर्ण. शाळांमधून बोलावणी येऊ लागली, काही जण तसेच टी-शर्ट छापून घेऊन धावू लागले आणि लोक त्याला 'धावणारे बाबा' म्हणू लागले. थोरली तेव्हा कॉलेजात जायला लागली होती. ती चिडवायची, "बाबा, मागून तू अगदी घाईतल्या बदकासारखा दिसतोस." तो हसायचा आणि बुटाची नाडी बांधून बाहेर पडायचा.

घर बायको सांभाळायची. औषधांच्या दुकानातली पूर्ण वेळेची नोकरी तिने अर्ध्या वेळेवर आणली होती. धाकटीचं खाणं, न्हाणं, नखं कापायची लढाई, शाळेतून येणारे फोन, सगळं तिच्याच गळ्यात. पूर्वी रविवार तेवढा त्याच्याकडे असायचा. ज्या ऑफिसच्या इमारतीची लिफ्ट तो सांभाळायचा, तिथे रविवारी चिटपाखरू नसायचं. तो धाकटीला घेऊन रिकाम्या लिफ्टमधून वर-खाली करायचा. पोलादी भिंतीला गाल लावून ती मोटरच्या सुरात सूर मिसळून गुणगुणायची, आणि कधीतरी, दोन मजल्यांच्या मधे, त्याचं बोट धरायची. पण लांब पल्ल्याचा सराव रविवारीच करावा लागतो. एक रविवार चुकला, दोन चुकले, आणि बघता बघता ते थांबलंच. धाकटीने काही मागितलं नाही. मागायला तिच्याकडे शब्दच नव्हते.

ती अकरा वर्षांची झाली त्या वर्षी शर्यतीच्या आयोजकांनी गळ घातली. शेवटचे शंभर मीटर त्याने मुलीचा हात धरून धावावं. लोकांच्या काळजाला भिडेल, म्हणाले.

"नाही," बायको म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, वर बघितलंही नाही.

"शंभरच मीटर गं. आवाज अडवणारे हेडफोन घालू तिला. बाजूच्या गल्लीतून आणायचं, लगेच न्यायचं."

"तुला ती हवीय की तिचा फोटो?"

तो दुखावला. पाच वर्षं कुणासाठी पळतोय मी, म्हणाला. नुसतं घरात बसून जग बदलत नाही, असंही म्हणून गेला. बायकोने हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली. त्यानंतर आठवडाभर तो या ना त्या वाटेने तोच विषय काढत राहिला. शेवटी तिने हात टेकले. पटलं म्हणून नव्हे, नाही म्हणत राहायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं म्हणून.

शर्यतीच्या दिवशी सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. बेचाळीस किलोमीटर होत आले तेव्हा त्याच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. शेवटच्या कमानीच्या अलीकडे बायको उभी दिसली, आणि तिच्या हाताशी निळे हेडफोन घातलेली धाकटी, पायांकडे बघत डुलणारी. त्याने तिचा हात धरला. तिने धरू दिला. दहा-वीस पावलं ती त्याच्याबरोबर चाललीसुद्धा, आणि त्याचा ऊर भरून आला.

तेवढ्यात माइकवाल्याने तिचं नाव पुकारलं. दोन्ही बाजूंची गर्दी एकदम टाळ्या वाजवू लागली, शिट्ट्या मारू लागली. सगळं तिच्यासाठी, प्रेमानेच. धाकटीने हेडफोन ओरबाडून फेकले, स्वतःचं मनगट कडकडून चावलं, हात सोडवला आणि ती पळाली.

तो तिच्यामागे वळला आणि पाय दुमडून पडला. उठला, पुन्हा पडला. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. "धरा तिला!" तो ओरडला, पण आवाज टाळ्यांत बुडाला. त्याच्यासारखेच टी-शर्ट घातलेली माणसं बाजूला सरकून तिला वाट करून देत होती. त्यांना वाटलं, धावायला आलेली पोर आहे, धावू दे. गर्दीच्या मागे दोरी बांधली होती आणि दोरीच्या पलीकडे वाहता रस्ता होता. बायको पोहोचली तोवर सामान पोचवणाऱ्या एका गाडीने धाकटीला उडवलं होतं.

धाकटी वाचली. मांडीचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलात ती प्लास्टर नखांनी उकरायची, डोकं आपटायची, म्हणून तिचे हात मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधावे लागले. तिच्याजवळ बायको आणि थोरली आळीपाळीने बसायच्या. तो आत आला की धाकटी असं काही ओरडायची की नर्सच त्याला हळूच बाहेर काढायची.

"तिच्या मनात तो दिवस आणि तुम्ही एक झालात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढेमागे ते वेगळं होईलही. पण खात्री देता येत नाही."

हाड जुळलं, जरा वाकडंच. ती लंगडत चालू लागली. गुणगुणणं मात्र परत आलं नाही. एका रविवारी थोरलीकरवी त्याने तिला त्या ऑफिसच्या इमारतीत आणवलं. तो आधीच लिफ्टमध्ये जाऊन एका कोपऱ्यात, पाठ करून उभा राहिला. मागून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग थोरली म्हणाली, "बाबा, चल घरी. ती चावतेय हाताला."

बायकोने त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती त्याचं ताट वाढायची, कामाचे कपडे काढून ठेवायची, विजेचं बिल भरलं का विचारायची. एकदा त्यानेच विषय काढला. "माझं चुकलं."

"मीच तिचा हात तुझ्या हातात दिला," ती म्हणाली. "आता ते नको उकरू." आणि उठून आत गेली.

वर्षाने आयोजकांचा फोन आला. यंदाची शर्यत मुलीच्या नावाने ठेवावी असं त्यांच्या मनात होतं. तो नाही म्हणाला. त्यांना वाटलं, विनय आहे, आणि त्यांनी पुन्हा आग्रह केला. त्याने फोन ठेवला.

त्याने संध्याकाळचं धावणंही सोडलं आणि तो लवकर घरी येऊ लागला. मुलीजवळ नाही तर निदान तिच्या आसपास तरी राहू, या आशेने. स्वयंपाकघरात आवाज न करता भांडी घासायचा. पाच-सहा दिवसांनी बायको दाराशी येऊन उभी राहिली.

"एक सांगू? रागावू नकोस."

"सांग."

"तू घरात असलास की ती पलंगाखालून बाहेर येत नाही. काल जेवली नाही, परवाही नाही." ती थोडी थांबली. "तू पूर्वीसारखा बाहेर जात जा ना संध्याकाळी."

त्याने नळ बंद केला, हात पुसले आणि जोडे घातले.

आता तो रोज संध्याकाळी बाहेर असतो. पळत नाही. घराभोवतालच्या रस्त्यांवरून नुसता चालतो, कधी बंद दुकानाच्या पायरीवर टेकतो. ओळखीचं कुणी भेटलं की विचारतं, "काय धावणारे बाबा, सराव जोरात दिसतोय?" तो हो म्हणतो. मग कधीतरी खिशातला फोन थरथरतो. थोरलीचा निरोप असतो, 'जेवली. पण अजून जागी आहे. थांब जरा.' तो थांबतो.