समोरचा उजवा

मंगळवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी गोदामाच्या छपरावर वीज पडली. वर पत्रे बसवणारे दोघे होते. एक शिडीवरून उतरत होता, तो वाचला. दुसऱ्याने हात वर केला.

दुसरा म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ.

बाई वीज वळवायला शिकवायच्या. या विद्येला त्यांच्या गुरूंनी एक भारदस्त नाव दिलं होतं, पण शिकणारे सगळे तिला नुसतं ‘वाट’ म्हणत. वीज अंगावर येणारच असेल तर तिला अडवायचं नाही, वाट द्यायची. उजव्या तळहातात घ्यायची, खांद्यातून वळवायची, बरगड्यांच्या कडेने उतरवायची, उजव्या टाचेतून खाली सोडायची. घे, वळव, उतरव, सोड. डावा हात तेवढा वेळ कमरेमागे, कारण त्या बाजूला हृदय. बाई त्याला घरमालक म्हणायच्या. “पाहुणी मागच्या दाराने आली, मागच्या दाराने गेली. घरमालकाची झोप मोडता कामा नये.” हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केला होता की आता फक्त नवीन आलेले हसायचे.

त्यांनी स्वतः वीज एकदाच घेतली होती, शिकवायला लागण्याच्या आधी. तेव्हापासून उजवा हात कोपराखाली बधिर. कप गरम आहे की गार, हे त्या डाव्या हाताने बघायच्या.

बुधवारी सकाळी, धाकटा अजून बेशुद्ध असताना, शिडीवरचा माणूस हॉस्पिटलमध्ये आला. व्हरांड्यात बाईंच्या शेजारी बसला आणि बराच वेळ टोपीच्या शिवणीशी खेळत राहिला.

“मी खालून ओरडलो, उतर म्हणून. तो म्हणाला, आता पोचत नाही. आणि ते तुमचं सुरू केलं. घाई नाही, गडबड नाही. मोठ्याने मोजत होता.”

“कुठला हात वर केला?”

“आता ते कोण बघतंय, बाई.”

डॉक्टरांनी बघितलं होतं. कागदावर लिहिलं होतं: डावा तळहात भाजलेला, डावी टाच भाजलेली. बाईंनी कागद दोनदा वाचला.

“डावाच ना, डॉक्टर?”

“एवढं शिकवतात आम्हाला.” मग त्यांचा आवाज जरा उतरला. “डावी बाजू पूर्ण गप्प आहे. उजवा पाय अधूनमधून हलतो, त्यावरून काही ठरत नाही. डाव्या पायाचं एक बोट जरी हललं तरी लगेच सांगा. उद्या दुपारपर्यंत हललं तर आशा धरता येईल. त्यानंतर मी काही बोलू शकणार नाही.”

बाईंनी मान हलवली. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. चष्म्याची काडी सैल झाली होती, ती नखाने आवळली.

संध्याकाळी पाच वाजता भावजयीनेच त्यांना उठवलं.

“ताई, तुम्ही जा. तुमची माणसं येऊन ताटकळतील. आपण दोघी बसलो म्हणून हे काय दुप्पट लवकर उठणार आहेत?”

“तू जेवलीस का?”

“बिस्किटं खाल्ली.”

“ते जेवण नव्हे.”

“तुम्ही तरी कुठे जेवलात?” भावजय म्हणाली, आणि तो विषय तिथेच राहिला.

वर्ग टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरायचा. चौदा जण येऊन रांगेत उभे होते: टॉवरवर चढणारे, उंच इमारती रंगवणारे, एक क्रेन ड्रायव्हर. सगळ्यांना बातमी कळली होती. बाईंच्या उजवीकडे फरशीवर खडूने दोन पावलं काढलेली होती. ती धाकट्याची जागा. नऊ वर्षं तो तिथे उभा राहून त्यांच्याबरोबर शिकवत होता.

“घे,” बाई म्हणाल्या. “उजवा.”

त्यांचा डावा हात वर गेला. समोर चौदा उजवे हात वर गेले.

यात नवीन काही नव्हतं. समोरच्याला आरशातल्यासारखं दिसावं म्हणून शिकवणाऱ्याने तोंडाने उजवा म्हणायचं आणि उचलायचा डावा. नाहीतर नवीन माणूस गोंधळतो. धाकटा शिकवायला उभा राहिला त्या पहिल्या दिवशी बाईंनीच त्याला सांगितलं होतं, “डोकं चालवू नकोस. मी करते तेच कर.”

बाई खडूच्या पावलांकडे बघत राहिल्या. आठवड्याला तीन वर्ग. वर्गात चाळीस वेळा. नऊ वर्षं. आकडा पन्नास हजारांच्या वर जात होता. त्याआधी, स्वतः शिकताना, त्याने उजवा हात उचलला होता तो जेमतेम एक वर्ष.

रांगेतले हात अजून वरच होते.

“खाली घ्या,” बाई म्हणाल्या आणि वर्गाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं.

“आमचं काही चुकलं का, बाई?” रंगाऱ्याने विचारलं.

“तुमचं नाही. तुम्ही नुसतं बघा. आणि तू तुझ्या आवाजात सांग, घे म्हणून. मनाला येईल तेव्हा सांग.”

रंगारी थोडा वेळ थांबला. मग एकदम म्हणाला, “घे.”

बाईंचा हात वर गेला. भिंतीवर पोपडा निघालेली जागा होती, तिच्या बरोबर समोर तळहात थांबला.

“बाई,” क्रेन ड्रायव्हर हळूच म्हणाला, “डावा आहे तो.”

“हो,” बाई म्हणाल्या.

हात त्यांनी लगेच खाली घेतला नाही. काहीतरी वाटायला हवं होतं, आणि त्या ते वाटायची वाट बघत उभ्या राहिल्या. खाली दुकानात कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.

फोन खिडकीत ठेवलेला होता. वाजला तो टॉवरवाल्याने आणून दिला. भावजय होती.

“ताई, पायाची बोटं हलली. चादर हलली, मी बघितलं.”

“कुठल्या पायाची?”

“उजव्या.”

बाईंनी विचारलं, “त्याचा उजवा की तुझ्या उजवीकडचा?”

“माझ्या उजवीकडचा.”

“तू कुठे उभी होतीस? पायाशी की उशाशी?”

“मी... उशी सारखी करत होते. मग चादर ओढायला पायाशी गेले.”

“हलली तेव्हा कुठे होतीस?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“ते नाही हो आठवत, ताई.”

“आता हलतायत?”

“नाही. मी चादर काढून बघतेय. आता नाही हलत.”

नर्सने नोंदवहीत लिहिलं: सहा वाजून बावन्न मिनिटे, पायाच्या बोटांची हालचाल, नातेवाईकांनी पाहिली. पुढे बाजू लिहायचा रकाना होता. तो तिने मोकळा ठेवला.