ताईच्या हातावरची वाळू

खोटं वाटत असेल तर कान झाका, पण ताईच्या हातावर गोंदलेली वाळू गळत होती. टॅटूवाल्यानं भिंग लावून पाहिलं होतं.

चूक त्याचीच. मरणाची आठवण अंगावर हवी म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना तो कवटी काढून द्यायचा ती दात विचकलेली, गुलाब काढायचा तो पाकळी गळालेला आणि वाळूचं घड्याळ काढायचा ते वर चिमूटभर, खाली ढीग असं. वीस वर्षांत हाताला तेच वळण पडलेलं. त्याला आईच्या मागे वाढवणारी ताई कंडक्टरकीतून निवृत्त झाली आणि दुकानात येऊन हात पुढे करून म्हणाली, "काढ घड्याळ. जन्मभर लोकांना पुढे सरका म्हटलं, आता माझी पाळी!" त्यानं सवयीनं काढलं. हात कुणाचा, हे ध्यानातच आलं नाही.

आठवड्यात वरचे चाळीस ठिपके अकरावर आले. त्यानं सुई लावून नवे भरले. सकाळी तिथली कातडी कोरी.

"बाळ्या, पुरे! हाताची चाळण केलीस."

मग त्याला सुचलं. "हात वर धर, ताई." तिनं धरला. घड्याळ उलटं झालं आणि वाळू मागे फिरली! त्याचा जीव भांड्यात पडला. बसच्या दांड्याला सरावलेला हात दोन दिवस पडद्याच्या दांड्याला राहिला. ताई एका हातानं जेवली, एका हातानं त्याच्याशी भांडली. पण हात जरा खाली आला की चढलेली वाळू दुप्पट वेगानं उतरायची. तिसऱ्या दिवशी बोटं निळी पडली, तेव्हा तोच तिचं कोपर धरून उभा राहिला.

"सोड रे."

"अजून थोडी भरू दे."

"आणि मग? पुढचा सगळा प्रवास उभ्यानंच? खिडकीसुद्धा नाही?"

"नाही सोडणार."

"नखं कापताना असाच भोकाड पसरायचास. सोड म्हणते ना!"

ताईच ती. त्याची पकड आपोआप सुटली. तिनं हात खाली घेतला, चोळला आणि किटली उचलून त्याच्या कपात चहा ओतला. एक दाणा घसरला. मग दुसरा. त्यानं तिच्या मनगटाखाली ओंजळ धरली.

"घे, निवतोय," ताई म्हणाली.

ओंजळ न सोडता कप उचलायचा कसा, ते त्याला कळेना.