शिंपल्यांची तावदानं

दहाव्याला मी नदीवर येऊ नये, असं काकांचं म्हणणं होतं. मी गेले. दमणगंगेच्या काठी काकांनी बाबांचा पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरलो. बाभळीवर एकच कावळा होता.

"मृणालची काळजी करू नकोस, दादा. आम्ही आहोत," काका म्हणाले.

कावळा जागचा हलला नाही.

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. दमणच्या कुणा व्यापाऱ्यानं शंभर वर्षांपूर्वी मुंबईतले इंग्रजी बंगले पाहून सिल्व्हासात तसाच एक बांधला होता. उतरतं छप्पर, लाकडी झालर, खिडक्यांना काचेऐवजी घासून पातळ केलेले शिंपले. तो पाडायचं ठरलं, तेव्हा बाबांनी सह्या जमवून पाडकाम थांबवलं. त्यानंतरचे सगळे रविवार त्याच्या डागडुजीचेच. टोकरखाड्यातल्या आमच्या खिडकीला मात्र पुठ्ठा लावलेला होता. आई असेपर्यंत हसून बंगल्याला सवत म्हणायची. मला हसू यायचं नाही. शेवटच्या आजारातही मी कपाळावर हात ठेवला की बाबा विचारायचे, गजानन आला का?

त्यांच्या कॉटखाली उरलेल्या शिंपल्यांचा डबा होता. तो बंगल्याला द्यायचा नाही, हे मी ठरवून टाकलं होतं.

बंगल्याच्या कामात बाबांच्या जोडीला असलेले गजाननकाका आता पुढे सरकले.

"तुम्ही काही बोलू नका," मी हळूच म्हणाले.

"अगं, सरांचा जीव त्यातच अडकलाय."

"म्हणूनच."

ऊन चढलं. भटजी घड्याळ बघू लागले. शेवटी काकांनीच गजाननकाकांना खूण केली. त्यांनी हात जोडले.

"सर, तीन खिडक्या राहिल्यात. त्या आम्ही पुऱ्या करू."

कावळ्यानं मान वळवली, पंख उघडले. मला बघवेना, तरी बघत राहिले. तो पिंडावरून गेला, नदी ओलांडून अथालच्या बाजूला दिसेनासा झाला.

गजाननकाकांचा चेहरा उतरला. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. मी पदर तोंडाशी धरला. सगळ्यांना वाटलं, रडतेय. बंगल्यासाठीही बाबा आले नव्हते.

घरी परतल्यावर मी डबा बाहेर ओढला आणि गजाननकाकांपुढे ठेवला. त्यांनी झाकण उघडलं.

"सगळे?"

"सगळे. घासलेले वर आहेत. खालचे तुम्हाला घासावे लागतील, रविवारी."