रिसिव्हर पेटीवर राहिला तेव्हा

मित्रांनो, जरा जवळ या. आणि धाप लागल्यासारखं बोलतोय म्हणून हसू नका. मी एक जुना टेलिफोन आहे. काळा, जाडजूड, बोट घालून फिरवायच्या तबकडीचा. टॅक्सी स्टँडवर दिव्याच्या खांबाला एक लाल पत्र्याची पेटी टांगलेली आहे, तिच्यात माझा मुक्काम असतो. नुकतंच इथे जे घडलं, त्याने माझ्या तारा अजून झणझणतायत. पण एकदम तिथूनच सुरुवात केली तर तुम्हाला त्यातली गंमत कळायची नाही, म्हणून थोडं मागून सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यातला. तारांची वेटोळी गुंडाळणाऱ्या बायका तिथे ओळीने बसायच्या. अगदी शेवटच्या टेबलावर एक चष्मेवाली होती. तिचं काम एकच. तयार झालेला फोन कानाला लावायचा आणि पलीकडे बसलेल्या मैत्रिणीशी बोलून बघायचं.

"ऐकू येतंय का गं?"

"येतंय की! एवढी ओरडतेस, घरी तुझ्या सासूलाही येत असेल!"

मी ऐकलेलं हे पहिलं बोलणं. जगात आपण हसऱ्या माणसांच्या मधे राहणार, अशी माझी तेव्हापासून समजूत झाली. ती फारशी चुकली नाही.

टॅक्सी स्टँडवर आलो आणि माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. कुणाला स्टेशन गाठायचं असे, कुणाला दवाखाना, कुणाला रुसून माहेरी जायचं असे. सगळे आधी मला वाजवायचे. स्टँडचा नियम साधा होता आणि कडकही. रांगेत ज्याची टॅक्सी पहिली, त्यानेच फोन उचलायचा. पत्ता विचारायचा, रिसिव्हर माझ्या हुकासारख्या आकड्यावर नीट ठेवून लाइन बंद करायची आणि निघायचं. भाडं जवळचं निघालं तरी नाक मुरडायचं नाही. ज्याने उचलला, त्याने गेलंच पाहिजे.

मला रोज फडक्याने पुसायचे ते हळूदादा. स्टँडवरचे सगळ्यात जुने चालक. त्यांच्या टॅक्सीत तान्ही बाळं गाढ झोपतात आणि मोठ्यांची गाडी हमखास चुकते, असं बाकीचे चिडवायचे. दादा म्हणायचे, "पोचवतो ना? मग झालं!" पुढे त्यांची नजर अधू झाली आणि स्टिअरिंग त्यांच्या मुलीने हातात घेतलं. तिला सगळे ताई म्हणू लागले. दादा बाकावर बसायचे, पण मला पुसायचं काही सोडलं नाही.

मग मोठ्या कंपनीचं ॲप आलं. लोक खिशातला मोबाइल काढायचे, काचेवर बोट लावायचे आणि गाडी दारात. खोटं कशाला बोलू, मलाही कौतुक वाटलं. फार नाही, थोडं. पण माझी घंटा वाजेनाशी झाली. रिसिव्हरवर एका कोळ्याने संसार थाटला आणि दादांचं फडकं त्याच्यामागे धावू लागलं. स्टँडवरचे काही जण ॲपवर गेले. सुरुवातीला खूश दिसले, नंतर दिसेनासेच झाले. एकदा एक जण सिग्नलला थांबलेला दिसला, तर ताईने खिडकीतून हाक मारली, "काय रे, बरं चाललंय ना?" तो म्हणाला, "चाललंय काय, पळतंय! कुणाच्या मागे ते मात्र कळत नाही." आणि सिग्नल सुटला.

इकडे ताईची टॅक्सी दिवसदिवस रांगेत नुसती उभी. असंच चाललं तर टॅक्सी विकावी लागणार, हे तिला कळत होतं. दादांना ती सांगत नव्हती आणि दादा विचारत नव्हते.

अशात कंपनीचा निरोप आला. स्टँडवरच्या सगळ्यांना आम्ही घेतो, भाड्यांचा पाऊस पाडतो, अट एकच. सगळ्यांनी मिळून सही करायची आणि स्टँडचा हा कोपरा कंपनीला द्यायचा. कंपनीचे सर्वेसर्वा सहीसाठी जातीने येणार होते! ताई म्हणाली, "बाबा, मी सही करणार." दादा एवढंच म्हणाले, "टॅक्सी तुझी, हात तुझा." आणि मला दोनदा पुसलं.

ते आले, मित्रांनो! केवढी धांदल! फुगे, फलक, दणदणीत संगीत, फोटोवाल्यांची चेंगराचेंगरी. इतका श्रीमंत माणूस, पण अंगात साधा करडा टीशर्ट आणि पायांत पांढरेशुभ्र बूट. "मला साहेब म्हणू नका हं. आपण सगळे एक कुटुंब आहोत!"

आमच्यात एक चालक आहे, त्याची बडबड दिवसभर बंद होत नाही म्हणून त्याचं नाव रेडिओ. तो लगेच म्हणाला, "कुटुंब? मग रात्री बाळाला कोण घेणार ते आधी ठरवू! आमचं रात्रभर रडतं." सगळे हसले. टीशर्टवालेही हसले, पण जरा उशिरा.

आणि नेमका तेव्हा मी वाजलो! कितीतरी दिवसांनी, असा खणखणीत, की एक फुगा फुटला. निदान मी तरी ते श्रेय घेतो.

रांगेत पहिली टॅक्सी ताईची होती. ती पुढे झाली. पण पाहुण्यांना मान द्यायचा म्हणून रेडिओ ओरडला, "आज साहेबांना उचलू दे!" ताई हसून बाजूला झाली. स्टँडवर हा नियम पहिल्यांदाच मोडला. टीशर्टवाल्यांनी रिसिव्हर कानाला लावला आणि तोंड कॅमेऱ्याकडे केलं.

"हॅलो, टॅक्सी हवीय," पलीकडून आवाज आला. तो आवाज मी ओळखला. शाळेतल्या खेळाच्या बाई होत्या त्या, आता निवृत्त. जन्मभर मैदानावर पोरांना हाका मारून त्यांचा गळा असा तयार झालेला की भिंतींना ऐकू जावं. "आज माझ्या पायाचं प्लास्टर निघणार आहे! लवकर पाठवा!"

"तुमचा आनंद तोच आमचा आनंद!" टीशर्टवाले कॅमेऱ्याला म्हणाले. खटाखट फोटो निघाले. मग त्यांनी रिसिव्हर हातात उलटासुलटा करून पाहिला. फोन बंद करायचं बटण शोधत होते बिचारे! ते काही सापडलं नाही, तेव्हा त्यांनी रिसिव्हर माझ्या पेटीवर आडवा ठेवला आणि हात झटकले. माझा आकडा रिकामाच राहिला. लाइन चालूच राहिली. सगळ्या जगाचे फोन ज्याच्या मुठीत, त्याला एक फोन ठेवता येऊ नये!

फोटोवाले चालकांना फलकाखाली उभं करायला घेऊन गेले. टीशर्टवाले आणि त्यांची मदतनीस, दोघंच माझ्या खांबाला टेकून राहिली.

"कोपरा मिळाला की झालं," ते म्हणाले. "बिनचालकाच्या गाड्या उभ्या करायला झकास जागा आहे."

"आणि ही माणसं?" तिने विचारलं.

"तोवर चालवतील ना. ही जशी चालवतात त्यावरूनच तर आपल्या गाड्या शिकणार आहेत. शिकून झालं की एक छानसा आभाराचा मेसेज पाठवून देऊ. आणि हा डबा आपल्या ऑफिसच्या दारात लाव. लोकांना जुनं फार आवडतं."

मला डबा म्हटल्याचं एवढं नाही वाटलं. पण ताई फलकाखाली पोचली होती, तिच्यासमोर बोटाने सही करायची मोबाइलसारखी काच धरलेली होती, आणि मी? आयुष्यभर दुसऱ्यांचा आवाज वाहिला, स्वतःचा एक शब्द नाही! पेटीवर रिसिव्हरमधून बाई ओरडत होत्या, "अहो! ऐकलं मी सगळं! कुणी आहे का तिथे?" आणि ते संगीत त्यांना गिळून टाकत होतं. माझ्या घंटेला तेव्हा नुसता घाम फुटायचा राहिला होता.

ताईने बोट पुढे केलं. आणि थबकली.

"थांबा, मघाचं भाडं माझं होतं," ती म्हणाली. "साहेब, कुठे जायचं होतं त्यांना?"

"कुणाला?"

"फोनवर होत्या त्यांना."

"हां, त्या! खूप खूश झाल्या."

"ते झालं. पत्ता?"

टीशर्टवाल्यांनी मदतनिसाकडे पाहिलं, तिने फुग्यांकडे पाहिलं. "पत्ता… म्हणजे आमच्याकडे तो आपोआप येतो."

"अरे देवा!" म्हणत ताई माझ्याकडे धावली. रिसिव्हर आडवा पडलेला बघून तिने कपाळावर हात मारला आणि तो कानाला लावून "हॅलो" म्हणाली.

"आलीस का बाई एकदाची!" पलीकडून अशी आरोळी आली की ताईने रिसिव्हर हातभर लांब धरला. "सही केलीस?"

"नाही अजून. का हो?"

"मग बोट खिशात घाल आणि ऐक."

बाईंनी शब्दन् शब्द सांगितला. ताईने संगीत बंद करायला लावलं आणि रिसिव्हर रेडिओला दिला. रेडिओने पुढच्याला, त्याने त्याच्या पुढच्याला. माझी दोरी ताणून ताणून सरळ झाली, पण मी तुटलो नाही! प्रत्येकाला बाईंनी न कंटाळता पहिल्यापासून सांगितलं. शेवटी हळूदादांनी ऐकलं. मग ते रिसिव्हर छातीशी धरून उभे राहिले.

"गैरसमज आहे हा," टीशर्टवाले म्हणाले. हसू तेच होतं, फक्त जरा ढिलं झालेलं.

"असेलही," ताई शांतपणे म्हणाली. "मला एकच सांगा. तुमच्या गाड्या शिकून झाल्या की आमचं काय?"

"हे बघा, भविष्य कुणाला थांबवता येत नाही."

"भविष्य येईल तेव्हा येईल," रेडिओ म्हणाला. "आत्ता बाईंच्या प्लास्टरला कोण नेतंय?"

"मी," ताई म्हणाली. सहीची काच तिने मदतनिसाच्या हातात परत दिली, दादांच्या हातून रिसिव्हर घेऊन बाईंना पत्ता विचारला, तो माझ्या आकड्यावर अलगद ठेवला आणि टॅक्सीत बसली. टॅक्सी खोकली, कुरकुरली आणि निघाली. सगळ्यांनी सह्या केल्याशिवाय कोपरा मिळणार नव्हता, तो मिळाला नाही. पांढऱ्या बुटांवर कुणाच्या तरी चहाचा डाग पडला होता एवढंच.

मित्रांनो, तेवढ्याने सगळं आलबेल झालं असं समजू नका. कंपनी आहे, ॲप आहे, आमच्यातले दोघं चालक नंतर तिकडे गेलेच. त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. पण बाई प्लास्टर काढून आल्या आणि मोकळ्या पायाने गल्लोगल्ली हिंडून त्यांनी माझा नंबर सांगितला. बाईंनी सांगितलेलं न ऐकण्याची गावात कुणाची छाती आहे? चालकांनी टॅक्सीच्या दारांवर तो मोठ्या अक्षरांत रंगवला. परवा नदीपलीकडच्या स्टँडवरची माणसं आली होती, आमचा नियम समजून घ्यायला. उद्या माझ्या शेजारी दुसरा फोन बसणार आहे! एकट्याने आता झेपत नाही म्हणे. मी, आणि एकट्याने झेपत नाही! ताईने टॅक्सी विकण्याचं नाव काढलेलं नाही. पुढचं पुढे.

तुमच्याकडे एक मागणं आहे. मला कुठल्या ऑफिसच्या दारात शोभेला लावू देऊ नका. मला वापरा, पुसा, माझी दोरी गुंतली तर सोडवा. कुणी काही फुकट द्यायला आलं तर हसून बघा, हात लावून बघा, पण सही करण्याआधी "आणि मग आमचं काय?" हे मोठ्याने विचारा. उत्तर येईपर्यंत विचारा.

आणि तुमच्यातलं कुणी उद्या स्वतःच भली मोठी कंपनी काढेलही. खुशाल काढा! पांढरे बूट घाला, हवे तर टीशर्टही घाला. फक्त फोन उचललात तर आधी पत्ता विचारा. पलीकडे कुणीतरी तयार होऊन, दाराला कुलूप लावून, कुठेतरी निघालेलं असतं.