सत्तावीस जीबी जास्त

त्याने तिसऱ्यांदा वायर काढून पुन्हा लावली. डिस्क दोनदा कटकटली आणि गप्प झाली.

"गेली," तो म्हणाला.

मुलगी चहाचे कप घेऊन दारातच थांबली. "आईचे धडे?"

"त्यातच होते."

बायको जाऊन आठ महिने झाले होते. अंधशाळेतल्या मुलांसाठी ती इतिहासाचं पुस्तक मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची. घरात तिचा आवाज उरला होता तो तेवढाच. या आठ महिन्यांत त्याने तो एकदाही ऐकला नव्हता. पण आहे, एवढ्यावर त्याचं निभत होतं.

"बाबा, जन्मभर लोकांच्या मशीनचे बॅकअप घेतलेत. घरचा नाही?"

"आहे की. दर रविवारचा." त्याने कपाटातून बॅकअपची जुनी डिस्क आणि एक नवी कोरी डिस्क काढली, पण मान वर केली नाही. "तिचा फोल्डर तेवढा मी वगळायचो. आवाजाच्या फाइली कितीही दाबा, आकसत नाहीत. जागा खातात."

"मग ठेवलंत काय?"

"लॉग. मशीनने रोज काय काय केलं, त्याच्या नोंदी."

मुलगी कप घेऊन खिडकीकडे वळली.

तरी बाकीचं सोडवायला हवंच होतं. युनिक्सवर तीस वर्षं काढलेला माणूस. सगळ्या फाइली दाबून बांधलेला बॅकअपचा गठ्ठा उघडण्याआधी, सुटल्यावर किती जागा लागेल त्याचा अंदाज कागदावर मांडल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. चौसष्ट जीबी, त्याने लिहिलं. मग गठ्ठा न उघडता आतली यादी वाचून आकारांची बेरीज करायला मशीनला सांगितलं.

एक्क्याण्णव.

"नेहमीचंच," तो पुटपुटला. "तीन वर्षं हेच. गठ्ठा अंदाजापेक्षा फुगलेला निघायचा, मी लॉगच्या नावाने बोटं मोडायचो आणि तुझी आई तोंडाला पदर लावून हसायची."

"ती का हसायची?"

त्याचे हात कीबोर्डवरच थांबले. लॉग म्हणजे नुसता मजकूर. तो तर दाबला की चिमूटभर होतो. हाताखालच्या कुणी असा अंदाज चुकवला असता, तर त्याने आधी यादी उघडायला लावली असती. घरच्या गठ्ठ्याची यादी त्याने एकदाही उघडली नव्हती.

मोठ्या फाइली वर येतील अशी त्याने यादी लावली. लॉगच्या फोल्डरात आणखी एक फोल्डर होता. नाव होतं 'अडगळ'.

शब्द त्याचाच होता, तिचा फोल्डर पहिल्यांदा वगळताना वापरलेला. "तुमच्या नोंदींना जागा आहे, आणि माझा आवाज अडगळ होय हो?" असं ती तेव्हा म्हणाली होती. पुन्हा कधी विषय काढला नव्हता. प्रत्येक धड्याची एक प्रत गुपचूप त्याच्या लाडक्या लॉगमध्ये नेऊन ठेवली होती.

तो इतक्या झटक्यात उठला की खुर्ची आडवी झाली.

"अगं, इकडे ये! ठेव तो चहा! बघ, बघ तुझ्या आईने काय केलंय!"

"बाबा, सावकाश! पडाल!"

"पडू दे! नवी डिस्क शंभरची आहे ना? एक्क्याण्णव गेले, नऊ उरले. मावतंय! सगळं मावतंय!"

त्याने गठ्ठा सोडवायला लावला. नावं एकेक करून पडद्यावर सरकू लागली. मुलगी त्याच्या खांद्याला धरून मोठ्याने मोजू लागली आणि दर आकड्याला तो टेबलावर थाप मारू लागला.

"पंधरा! सोळा! सतरा!"

पुढची नावं लॉगची होती.

मुलगी वाट बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पुस्तकात किती धडे होते?"

"तेवीस."

त्याने खुर्ची उचलून सरळ केली आणि बसला. तिचे सहा धडे वाचायचे राहून गेले होते.