दोन ठोक्यांमधली पापणी

जोहे गावातल्या मूर्तींच्या एका कारखान्यात चारशे साठ गणपती डोळ्यांविना बसले होते. म्हणजे नऊशे वीस डोळे बाकी, आणि ते काढणारा माणूस एकच, काळुराम. अंगाचा रंग कोणीही मारील, पण डोळ्यांची आखणी त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाची गिऱ्हाइकाला पटत नसे. हे त्याला ठाऊक होतं, म्हणून चहासुद्धा तो दोनदा बोलावल्याशिवाय घेत नसे.

गेले दोन महिने मात्र माळ्याचा जिना चढताना तो मध्येच थांबायचा. विचारलं की म्हणायचा, शेत बघतोय. बत्तीस वर्षं संसार केलेल्या चंद्रावतीला एवढं कळत होतं, की शेत बघायला छातीवर हात ठेवावा लागत नाही. रोह्याच्या दवाखान्यात नर्स असलेल्या त्याच्या भाचीला, मनालीला, तिने बोलावून घेतलं.

मनालीने एक पातळ पट्टी आणली. टोचायचं नाही, चिकटवायचं नाही. हृदयाच्या दर ठोक्याला सगळं अंग केसभर हलतं. ते हलणं पट्टी टिपते आणि मोबाइलवर रेघ उमटते. काळुराम झोपून राहायला तयार नव्हता, तेव्हा पट्टी त्याच्या पाटावर घातली, वर गोणपाट. तो बसला आणि कामाला लागला.

काचेच्या कौलातून दुपार उतरत होती. पांढऱ्या मूर्ती उन्हात तरंगल्यासारख्या दिसत होत्या. मोबाइलवर भरतीच्या पाण्यासारख्या लहान लाटा येत होत्या. मध्येच एक लाट घाईने आली, आणि मग बराच वेळ काहीच नाही. रंगाच्या कॉम्प्रेसरने जमीन हादरत असेल, म्हणून मनालीने तो बंद करायला लावला. कारखाना पाण्याखाली गेल्यासारखा शांत झाला. रेघ तशीच होती. आणि तिला दिसलं, त्या रिकाम्या जागेतच मामाचा ब्रश पापणीवर फिरत होता.

"मामा, तुम्हाला हे कळतं?"

"व्हय. ठोक्याला हात हलतो गो. आखणी दोन ठोक्यांच्या मध्ये करायची. आता वरीसभर मधूनच मोठी फट मिळते. तिच्यात अख्खी पापणी बसते."

हे तो बढती मिळाल्यासारखं सांगत होता. मनालीने समजावलं, डॉक्टरांना दाखवायलाच हवं. बहुतेक गोळी देतील, आणि ती फट जाईल. त्याने एवढंच विचारलं, गोळी गणपतीनंतर घेतली तर.

चंद्रावती म्हणाली, "डोळे नऊशे वीस काढाल, अवो. मग माझ्याकडं कोण बघंल?"

त्याने ब्रश पाण्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो रोह्याला गेला. तपासणी झाली, गोळी सुरू झाली.

दहा दिवसांनी पाटावर पुन्हा पट्टी. लाटा आता एकसारख्या येत होत्या. पापणी अर्ध्यावर आली आणि ठोका पडला. काळुरामने ब्रश उचलला, ठोका जाऊ दिला आणि उरलेली पापणी पुढच्या फटीत ओढली. सांधा किंचित जाड झाला. गणपती नुकताच दुपारच्या झोपेतून उठल्यासारखा दिसू लागला.

चंद्रावती समोर बसून बराच वेळ त्या एका डोळ्यात बघत राहिली.

"पेंगुळलाय," ती म्हणाली.

"उठंल हळूहळू," काळुराम म्हणाला, आणि दुसऱ्या डोळ्याकडे वळला.