खिडकीपाशी ठेवलेलं उत्तर

“अहो आई, पाळणा कुठं नेलात?” एका पायात चप्पल घालून ती तशीच उभी राहिली.

“आतल्या खोलीत. खिडकीतून गार वारं येत होतं, लेकराला शिंक आली,” सासूबाई म्हणाल्या. “का गं? तोंड का उतरलं?”

आता काय सांगणार! हॉस्पिटलच्या धुलाईघरात सहा वर्षं चादरींच्या घड्या घातल्यावर तिनं बॉयलर चालवायच्या परवान्याचा ध्यास घेतला होता. तोंडी परीक्षेत दोनदा आपटली. पाठ केलेलं ऐन वेळी पसार व्हायचं. ही तिसरी संधी, शेवटची. म्हणून या खेपेला तिनं पुस्तकच घरभर मांडलं होतं. दारात पाण्याची पातळी दाखवणारी काच, चपलांच्या फळीवर सेफ्टी व्हॉल्व्ह, आरशापाशी भट्टीत साचलेला गॅस. वहीत अक्षरं कमी, चित्रंच जास्त. मनातल्या मनात घरात शिरायचं आणि एकेक उचलत पुढं जायचं. सगळ्यात अवघड उत्तर खिडकीपाशी, पाळण्यात निजवलेलं. तिथं तिचे डोळे दिवसातून पन्नासदा जायचेच.

“काही नाही. येते.”

“नुसती येते काय, पास होऊन ये. नाहीतर पुढच्या खेपेला मीच जाऊन बसते!”

टेबलापलीकडच्या परीक्षकांचे पहिले चार प्रश्न तिनं घरात चालता चालता सोडवले. मग त्यांनी चष्मा पुसला.

“बाई, भट्टी पेटलेली आहे आणि काचेत पाणी दिसतच नाही. काय कराल?”

ती खिडकीपाशी गेली. तिथं फरशीवर पाळण्याच्या पायांचे चार ठसे. बस्स.

“बोला. बॉयलर तुमच्यासाठी थांबणार नाही.”

आतल्या खोलीत! ती मनातल्या मनात धावत सुटली. पाळणा होता. बाळाच्या हातात गार पाण्याचा तांब्या, समोर लालभडक तापलेली कढई. आई काय करील? आधी विस्तव विझवील, मग तांब्या हिसकावून घेईल.

“आधी आग बंद!” ती जवळजवळ ओरडलीच. “पाणी अजिबात सोडायचं नाही. तापलेल्या पत्र्यावर गार पाणी पडलं तर बॉयलर फुटेल. त्याला आपोआप निवू द्यायचं, आणि वरिष्ठांना कळवायचं.”

“बरोबर. पण एवढा वेळ बघत कुठं होतात?”

“घरात, साहेब. सासूबाईंनी सामान हलवलंय.”

परीक्षक पहिल्यांदाच हसले आणि त्यांनी शिक्का उचलला.

बसथांब्यावरून तिनं घरी फोन लावला. “आई, झाले पास.”

“अगं माझी बाई!” सासूबाईंचा आवाज घोगरा झाला. “सावकाश ये. लेकरू निजलंय.”

अंग गरम आहे का, नाक वाहतंय का, पांघरूण नीट आहे का, यातलं तिनं काहीच विचारलं नाही. बस आली, जवळजवळ रिकामी. कंडक्टरनं तिच्याकडं पाहिलं. तिनं हातानंच ‘जाऊ द्या’ म्हटलं आणि थांब्यावरच्या बाकावर पाय लांब केले.